घरी अक्षरओळख: आधी आवाज, मग नाव

मराठीत अक्षराचे नाव आणि त्याचा आवाज यांत फारसे अंतर नाही. 'क' दिसला की 'क' म्हणायचे. शब्दात आला तरी जवळपास तेच. इंग्रजीत 'एच' हे नाव आणि शब्दातला 'ह' यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण मराठी मुलाला अशी दुहेरी घोकंपट्टी करावी लागत नाही. म्हणून घरी अक्षरे शिकवणे सोपे वाटते, आणि सुरुवातीला ते असतेही. अडचण पुढे येते. मराठीत खरी नावे आहेत ती चिन्हांना: काना, मात्रा, वेलांटी, उकार, रफार. उकार आणि रफार सोडले तर यांतल्या कोणत्याही नावातून आवाज कळत नाही. 'दुसरी वेलांटी' म्हणजे 'ई' हे मुलाला वेगळे शिकावे लागते. शिवाय तक्त्यावर प्रत्येक अक्षराला एक शब्द चिकटवलेला असतो आणि तो त्या अक्षराचे टोपणनाव होऊन बसतो. घरच्या शिकवण्यात बहुतेक गोंधळ या दोन जागी होतो.

अक्षर दाखवण्याआधी आवाज ऐकण्याची सवय लागते. तीन-चार वर्षांच्या मुलाला शब्द म्हणजे एक अखंड गोष्ट वाटते. त्या शब्दाचे तुकडे होतात, पहिला तुकडा वेगळा काढता येतो, दोन शब्दांची सुरुवात सारखी असू शकते, हे त्याला कुणीतरी खेळता खेळता दाखवावे लागते. बडबडगीतांतली यमके हे काम आपसूक करतात. स्वयंपाकघरात 'प'ने सुरू होणाऱ्या वस्तू शोधायला सांगितले तर पातेले, पोळपाट, पळी, पाट असे सापडत जाते. इथे कागद-पेन्सिल काहीच लागत नाही. गाण्याच्या भेंड्या मराठी घरांत पिढ्यानपिढ्या चालत आल्या आहेत. शब्दांच्या भेंड्या हा त्यांचा लहान मुलांसाठीचा अवतार. शब्दाचा शेवटचा आवाज ओळखायचा आणि त्यावरून नवा शब्द आणायचा, हे पहिल्या आवाजापेक्षा कठीण असते, म्हणून हा खेळ थोडा उशिरा घ्यावा. भेंडी 'ण' किंवा 'ळ'वर आली की मोठी माणसे 'न' आणि 'ल' चालवून घेतात, कारण या दोन अक्षरांनी मराठीत शब्द सुरू होत नाहीत. मुलांना ही सवलत लगेच कळते आणि आवडते.

शब्दाचे तुकडे टाळ्या वाजवून पाडायचा खेळ बालवाड्यांत सर्रास चालतो. मराठीत त्याला एक मेख आहे. 'घर' म्हणताना मूल एकच टाळी वाजवते, 'कमळ'ला दोन. लिहिताना मात्र 'घर'मध्ये दोन अक्षरे आणि 'कमळ'मध्ये तीन. कारण शब्दाच्या शेवटी आलेल्या अक्षरातला 'अ' बोलताना गळतो. आपण लिहितो 'घर' आणि म्हणतो 'घर्'. शब्दाच्या मध्येही तो गळतो: 'चमचा' बोलताना 'चम्चा' होतो आणि 'बोलतो' 'बोल्तो' होते. पहिलीतले मूल 'बोल्तो' असे लिहिते तेव्हा त्याने कानाने अगदी बरोबर ऐकलेले असते. त्यामुळे टाळ्यांचा खेळ आवाज ऐकण्यासाठी ठेवावा, अक्षरे मोजण्यासाठी वापरू नये.

आता तक्ता. क कमळाचा, ख खटाऱ्याचा, ग गवताचा. ही शब्दजोडी आठवणीला आधार देते, यात शंका नाही. पण तक्त्यावरचे कित्येक शब्द आजच्या मुलाच्या घरात राहिलेले नाहीत. खटारा, ऐरण, उखळ, ईडलिंबू, यज्ञ यांतले किती मुलाने पाहिलेले असतात? 'थ थडग्याचा' हे तर कुणाला आणि का सुचले असावे, कोण जाणे. चित्राखालचा शब्द मुलाला माहीत नसेल तर अक्षराला आधार देण्याऐवजी तो पाठांतराचे आणखी एक ओझे होतो. त्यापेक्षा घरातले शब्द घ्यावेत: म मगचा, थ थर्मासचा, ख खडूचा. आणि एकाच शब्दावर थांबू नये. 'क' कमळाचा आहे, तसाच कपाटाचा, कढईचा आणि काकाचाही आहे, हे ऐकले की मूल चित्रातून बाहेर पडून आवाजाकडे येते. नाहीतर 'नाक' या शब्दातल्या 'क'वर बोट ठेवले की ते 'कमळ' म्हणते. असे म्हणणारी मुले थोडी नाहीत.

काही अक्षरांचे आवाज तक्ता सांगतच नाही. मराठीत 'च', 'ज' आणि 'झ' या तीन अक्षरांना प्रत्येकी दोन आवाज आहेत. चमचा, चाक, चोर, चूल यांतला 'च' जिभेचे टोक दातांपाशी नेऊन निघतो; चिमणी, चंद्र, चहा यांतला 'च' टाळूवरून. जागा आणि जीवन, झाड आणि झेंडा यांतही तोच फरक. लिपीत त्यासाठी वेगळी खूण नाही. घरात मराठी बोलणाऱ्या मुलाला हे शिकवावे लागत नाही, ते आपोआप योग्य आवाज काढते. फक्त दोन्ही आवाजांचे शब्द त्याच्यासमोर यायला हवेत. अडचण होते ती मोबाइलवरच्या हिंदी वर्णमालेच्या गाण्यांमुळे. लिपी तीच, म्हणून पालक ती लावून देतात. त्या गाण्यांत 'च'चा एकच आवाज असतो, 'ऋ' 'रि' होतो, 'ज्ञ' 'ग्य' होतो, आणि 'ळ' बहुधा नसतोच. 'ल' आणि 'श' यांची वळणेही हिंदी छापाची असतात. हिंदी म्हणून ती गाणी ठीकच आहेत; पण मराठी अक्षरओळखीची पहिली पायरी ती असू नयेत.

मराठी वर्णमालेत एकूण ५२ वर्ण आहेत. राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयाने 'ॲ' आणि 'ऑ' यांना स्वरांत जागा मिळाली. त्यानुसार १४ स्वर, अनुस्वार-विसर्ग हे दोन स्वरादी, ३४ व्यंजने आणि 'क्ष', 'ज्ञ' ही दोन विशेष संयुक्त व्यंजने होतात. या मालेची रचना शास्त्रीय आहे. क-वर्ग कंठातून, च-वर्ग टाळूवरून, ट-वर्ग जीभ मागे वळवून, त-वर्ग दातांपाशी, प-वर्ग ओठांनी. प्रत्येक वर्गात आधी कठोर, मग मृदू, शेवटी अनुनासिक. भाषेच्या अभ्यासकाला ही मांडणी भुरळ घालते. पाच वर्षांच्या मुलाला मात्र ती अडचणीची ठरते, कारण एकमेकांसारखे आवाज तिने शेजारी शेजारी बसवले आहेत. ट, ठ, ड, ढ पाठोपाठ शिकवले की मूल ट आणि ठ यांची अदलाबदल करते. शिवाय पाचवे व्यंजन 'ङ' आणि दहावे 'ञ' मुलाच्या एकाही रोजच्या शब्दात येत नाही. वर्णमाला गाण्यासारखी म्हणायला हरकत नाही; शिकवण्याचा क्रम मात्र वेगळा असावा.

तो क्रम ठरवताना तीन गोष्टी पाहतात. अक्षर शब्दांत वारंवार येणारे असावे, त्याचे वळण सोबतच्या अक्षरांपेक्षा निराळे असावे, आणि त्या चारपाच अक्षरांत लगेच शब्द बनावेत. फलटणला मॅक्सिन बर्नसन यांच्या पुढाकाराने चाललेल्या प्रगत शिक्षण संस्थेने अक्षरांचे असे छोटे गट करून, प्रत्येक गटात व्यंजनांबरोबर स्वरचिन्हही घेऊन, शिकवण्याची पद्धत रुजवली. घरीही हे सहज जमते. क, म, ल, न, ब ही पाच अक्षरे आणि काना एवढ्यावर कान, नाक, मान, मका, काम, लाल, कमान, काका, मामा, बाबा, नाना हे सगळे वाचता येते. त्यात र, स, त मिळवले की मूल एक पूर्ण वाक्य वाचते: 'बाबा, सरबत करा.' पंधरा दिवस 'क कमळाचा' घोकणाऱ्या मुलाला जे मिळत नाही ते इथे मिळते. कागदावरच्या खुणांनी कुणाला तरी काहीतरी सांगता येते, हे त्याला कळते.

अक्षर दाखवण्याची एक जुनी रीत अजूनही उपयोगी आहे. एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच डॉक्टर एदुआर सेगँ यांच्याकडून ती मारिया माँटेसरी यांनी घेतली. दोन किंवा तीन अक्षरांची कार्डे मांडायची. आधी सांगायचे: 'हा म. हा न.' मग विचारायचे: 'न कुठला?' मुलाने बोट ठेवायचे. सगळ्यात शेवटी एक कार्ड उचलून: 'हा कुठला?' बहुतेक घरांत मधली पायरी गाळली जाते आणि सांगून झाल्या झाल्या परीक्षा सुरू होते. ओळखणे सोपे आणि आठवून सांगणे अवघड. मधल्या पायरीवर बराच वेळ रेंगाळले तर शेवटच्या पायरीला मूल अडखळत नाही. माँटेसरींनी १९०७ साली रोममध्ये बालघर सुरू केले. त्यांच्या पद्धतीत पॉलिशकागदाची अक्षरे आली. खरखरीत अक्षरावरून बोट फिरवायचे आणि त्याच वेळी अक्षराचा आवाज म्हणायचा, नाव नव्हे. महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या तेव्हा महागड्या साधनांऐवजी बिया, पाने, काड्या वापरल्या. घरी ताटात पसरलेला रवा किंवा ओली माती पुरते. जुन्या शाळांत तर धूळपाटीवरच अक्षरे गिरवत. बोटाला वळण कळले की पेन्सिल नंतर येते. चार वर्षांच्या मुलाच्या हातात तिची घाई करण्यात काही अर्थ नाही, कारण मनगट आणि बोटांचे स्नायू तोवर तयार झालेले नसतात.

सारख्या दिसणाऱ्या अक्षरांची यादी प्रत्येक शिक्षकाला पाठ असते: घ-ध, भ-म, थ-य, प-ष, ब-व, ड-इ. नियम एकच, यातले एक पक्के झाल्याशिवाय दुसरे आणू नये. 'ख' हा 'रव' असा वाचला जातो तो तर मराठीतला जुना विनोद. 'रवा' की 'खा' हे कधी कधी मोठ्यांनाही संदर्भावरूनच ठरवावे लागते. इथे पालकाने हसण्यापेक्षा दोन्ही शब्द शेजारी लिहून फट कुठे आहे ते दाखवावे.

यानंतर खरा चढ लागतो तो स्वरचिन्हांचा. 'का' म्हणजे 'क'ला काना, हे मोठ्यांना इतके उघड वाटते की मुलाने ते कसे समजून घ्यायचे याचा विचारच होत नाही. मुलाच्या लेखी 'क'मध्ये 'अ' आधीच मुरलेला असतो, आणि काना आला की तो 'अ' जाऊन 'आ' येतो. ही अदलाबदल कानाने जाणवली पाहिजे. म्हणून 'क-का, म-मा, न-ना, ब-बा' अशी एकाच चिन्हाची आडवी जोडी आधी घ्यावी. काना पक्का झाला की दुसरी वेलांटी: 'की, मी, नी, बी'. चिन्हाकडे बोट दाखवून आधी 'ई' हा आवाज, आणि आठवडाभराने 'हिला दुसरी वेलांटी म्हणतात' हे नाव. नाव लागते, कारण 'पाणी लिहिताना दुसरी वेलांटी दे' असे पुढे सांगावे लागते. पण ते आवाजाच्या आधी आले की मूल नाव पाठ करते आणि शब्द वाचता येत नाही.

बाराखडी म्हणजे याच्या उलट, उभी रीत: एक अक्षर आणि त्याची बारा रूपे. ती सुरात म्हटली जाते आणि सूर पक्का बसतो. इतका, की 'कू'वर बोट ठेवले तर मूल मनातल्या मनात 'क, का, कि, की, कु' म्हणत सहाव्या जागी पोहोचते आणि मग उत्तर देते. असे होत असेल तर बाराखडी पाठ झालेली आहे, वाचन आलेले नाही. उपाय साधा: बारा कार्डे पिसून द्यावीत. पहिली वेलांटी आणखी त्रास देते. ती लिहायची अक्षराच्या डावीकडे आणि आवाज मात्र अक्षराच्या मागून. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक मराठी बोलण्यात फारसा ऐकू येत नाही, त्यामुळे 'कि' आणि 'की' कानाने ओळखण्याची सक्ती लहान मुलावर करू नये. शब्दाच्या शेवटचे इकार-उकार दीर्घ लिहितात, एवढा एक नियम पहिली-दुसरीत पुरे होतो.

अनुस्वार हे एकच टिंब, आवाज चार-पाच. 'आंबा'त तो 'म्' असतो, 'घंटा'त 'ण्', 'दंत'मध्ये 'न्', 'अंगण'मध्ये कंठातला. मुलाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. पुढच्या अक्षराच्या तयारीत तोंड आपोआप तो आवाज काढते. 'र' मात्र समजावावा लागतो. 'प्रकाश'मध्ये तो अक्षराच्या पोटात तिरका, 'ट्रक'मध्ये पायथ्याशी टोपीसारखा, 'सूर्य'मध्ये डोक्यावर रफार होऊन, आणि 'दऱ्या'त आडवा. रफार दिसतो नंतरच्या अक्षरावर आणि ऐकू येतो त्याच्या आधी. जोडाक्षरांचा हा सगळा पसारा पाच वर्षांच्या मुलासाठी नाहीच. सोनाली नाग यांनी कन्नड वाचनावर २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले की अशा लिपीतली अक्षरे आत्मसात करण्याचे काम पहिल्या एक-दोन वर्षांत संपत नाही, प्राथमिक शाळेच्या पुढच्या इयत्तांपर्यंत चालू राहते. कन्नडची रचना देवनागरीसारखीच आहे, त्यामुळे मराठी पालकांनीही तेवढा काळ धरून चालावे.

इंग्रजी अक्षरांचे गणित वेगळे. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे, आणि इंग्रजी माध्यमातल्या मुलाच्या घरी 'एबीसीडी' आधीच पोहोचलेली असते. इथे नाव आणि आवाज खरोखर दोन गोष्टी आहेत. 'बी', 'डी', 'पी', 'टी' या नावांच्या सुरुवातीला आवाज सापडतो. 'एफ', 'एल', 'एम', 'एन', 'एस' यांच्या शेवटी. 'एच' आणि 'डब्ल्यू' यांत तो सापडतच नाही. २६ अक्षरे सुमारे ४४ आवाजांचे काम करतात. म्हणून अनेक शाळा आधी आवाज शिकवतात आणि क्रमही बदलतात. एस, ए, टी, आय, पी, एन अशी सुरुवात केली की तीन अक्षरी शब्द लगेच बनतात. मराठी घरात इथे एक सवय आड येते: प्रत्येक व्यंजनाला 'अ' चिकटवण्याची. देवनागरीत ते बरोबर आहे, पण इंग्रजी शब्द जोडताना 'ब-ॲ-ट' याचे 'बॅट' होत नाही, 'बॲटऽ' होते. ताणता येणारे आवाज, म्हणजे स्, म्, न्, ल्, फ्, आधी घेतले तर हा 'अ' सहज सुटतो. दोन्ही लिप्या एकाच आठवड्यात सुरू करू नयेत, आणि मुलाची बोलण्याची भाषा मराठी असेल तर मराठीने सुरुवात करणे केव्हाही फायद्याचे, कारण अक्षर जोडून झाले की निघणारा शब्द त्याच्या ओळखीचा असतो. परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांचे याच्या उलट होते. त्यांच्या कानाला 'त' आणि 'ट', 'द' आणि 'ड', 'क' आणि 'ख' यांतला फरक आधी ऐकू यावा लागतो, कारण इंग्रजीत या फरकाने शब्दाचा अर्थ बदलत नाही. त्यांच्यासाठी 'ताक-टाक', 'दावा-डावा', 'कार-खार' अशा शब्दजोड्या ऐकण्याचा सराव कार्डांच्या आधी हवा.

रोज दहा-पंधरा मिनिटे पुरतात, आणि ती मूल ताजेतवाने असताना, जेवणाच्या धांदलीत नव्हे. कधी आठवडाभर काहीच पुढे सरकत नाही आणि मग एके दिवशी मूल दुकानाची पाटी वाचते. उलटी अक्षरे काढणे, 'ध'चा 'घ' करणे हे सातव्या वर्षापर्यंत सर्वसाधारण मानतात. मात्र दुसरी संपत आली तरी ओळखीची अक्षरे रोज नव्याने विसरली जात असतील, यमक कानाला लागत नसेल किंवा दोन अक्षरे जोडताच येत नसतील तर आधी कान आणि डोळे तपासून घ्यावेत. ते ठीक असतील तर अध्ययन अक्षमतेच्या तज्ज्ञाकडे जावे. जास्तीची वही आणि जास्तीचा दम देऊन हा प्रश्न सुटत नाही.